मुंगूस येऊन गेल्यावर

जुलैतली दुपार, साडेतीनचा सुमार. इंदूरला दोन दिवस लागलेली झड तासाभरासाठी थांबली होती, म्हणून मी कोंबड्यांना परसात सोडलं आणि चहा टाकायला आत आले. आधण येतंय तोच मुलगा ओरडला, "आई, नेवला!" (घरात मराठी असली तरी घाबरल्यावर आमच्या तोंडी हिंदीच येते.) मी बाहेर धावले तोवर पाचातली एक मानेला धरून कुंपणाखालून गेलेली होती. एक पेरूच्या झाडावर, एक दडब्यात. भुरीची पाठ तळहाताएवढी सोलून लाल मांस दिसत होतं. आणि काळी, आमची कडकनाथ, धुण्याच्या दगडाआड गप्प उभी. तिला ओरखडासुद्धा नव्हता, असं आम्हाला वाटलं.

अख्खं घर भुरीभोवती जमलं. भुरी वाचली. काळी चौथ्या दिवशी सकाळी गेली.

त्या चार दिवसांत मला जे ठाऊक नव्हतं, ते इथे लिहिते आहे.

पहिला तास

कुत्रा, मांजर, मुंगूस, कोणीही कोंबडीला धरून सोडलं की आधी बघायची ती जखम नव्हे, धसका. हा मनाचा धसका नव्हे, शरीराचा. शिकाऱ्याच्या तोंडात सापडल्यावर शरीर रक्त आत, काळजाकडे आणि मेंदूकडे ओढून घेतं. तुरा फिका पडतो, पाय गार लागतात, खाल्लेले दाणे गळ्यातल्या पिशवीत तसेच पडून राहतात. थोडा वेळ हे बरंच आहे, त्यानंच जीव तगतो. लांबलं की तेच घात करतं. कोंबडीच्या अंगाची रोजची ऊब ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. आपल्याला इतका ताप चढला तर आपण दवाखाना गाठू. ती ऊब धरून ठेवतात पिसं. मूठभर पिसं उपटली गेली म्हणजे ऐन थंडीत रजई फाटली. वरून अंग ओलं असेल तर बघायलाच नको.

एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर जिवंत कोंबडी खड्ड्यात जायची. पकडली गेलेली कोंबडी पुष्कळदा मेल्याचं सोंग घेते. सोंग म्हणायचं खरं, पण ते तिच्या हातात नसतं. अंग ताठतं, डोळे उघडे किंवा अर्धे मिटलेले, हलवलं तरी हलत नाही. काही सेकंद, कधी कितीतरी मिनिटं. शिकारी पकड ढिली करील या आशेवर निसर्गानं ठेवलेली ही शेवटची युक्ती. तेव्हा पोटाजवळ श्वासाची हालचाल दिसते का ते शांतपणे बघा.

रक्त वाहत असेल तर ते थांबवणं हे पहिल्या तासातलं एकमेव घाईचं काम. दीड किलोच्या कोंबडीत सगळं मिळून साधारण १०० मिलीच रक्त असतं, चहाच्या लहान कपाएवढं. फरशीवर दोन चमचे सांडलं तरी खाटीकखाना वाटतो. तेवढ्यानं ती मरत नाही. स्वच्छ सुती कापड घ्या, घट्ट दाबा, घड्याळ लावून पाच मिनिटं. मधेच उचलून "थांबलं का" बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. नख किंवा चोचीचं टोक मोडून वाहत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. न्हाव्याकडची तुरटी नखाला चालते, उघड्या मांसाला लावू नका.

उचलतानाही एक सवय सोडायला हवी. बाजारात पायाला धरून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या पाहून आपल्याला ते रीतसर वाटतं. पण आपल्या छातीखाली असतो तसा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. छातीचा पिंजरा खालीवर होईल तेव्हाच तिच्या अंगातल्या हवेच्या पिशव्या भरतात. छाती आवळून धरली तर ती तुमच्या हातात गुदमरते, आणि उलटी धरली तर पोटातलं सगळं त्या पिशव्यांवर येऊन पडतं. जुन्या टॉवेलात पंख मिटवून गुंडाळायचं, खालून हाताचा आधार द्यायचा, छाती मोकळी ठेवायची.

मग खोका. पुठ्ठ्याचा, बाजूंना भोकं पाडलेला, तळाशी जुनं धोतर किंवा टॉवेल. भुसा नको, तो जखमेला चिकटतो. वर कापड टाकून अंधार करा, कारण अंधार पडला की कोंबडीचं अर्धं भय उतरतं. खोका घरातल्या सगळ्यात शांत कोपऱ्यात. आमच्याकडे ती देवघराशेजारची खोली निघाली. मुलं, मांजर, आणि "बघू बघू" करत येणाऱ्या शेजारच्या काकू, सगळ्यांना बाहेर ठेवा.

उबेचं गणित ऋतूवर. डिसेंबरच्या रात्री किंवा झडीत भिजून आलेल्या कोंबडीला ऊब द्यावीच लागते. पूर्वी साठ वॉटचा बल्ब खोक्याच्या एका टोकाला टांगत. आता घराघरात एलईडी आहेत आणि एलईडीला ऊब नसते. मी तासभर तो लावून समाधानात बसले होते. सोपा उपाय म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा प्लास्टिकची बाटली, टॉवेलात गुंडाळून, खोक्याच्या फक्त एका बाजूला. दुसरी बाजू गारच असू द्या, म्हणजे नको झालं तर तिला सरकता येईल. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा बाटली नको. पण म्हणून खोका कूलरच्या झोतातही ठेवू नका. चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडतंय.

पाणी पाजायची आपल्याला फार घाई असते. चोच उघडून चमच्यानं पाणी ओतू नका. कोंबडीच्या जिभेमागेच श्वासनळीचं भोक उघडं असतं, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. ती मान धरून बसायला लागली की चोचीच्या कडेला बोटानं थेंब लावा, ती आपण होऊन चाटून घेते. किंचित गुळाचं कोमट पाणी किंवा औषधाच्या दुकानातलं ओआरएस, दोन्ही चालतं. पहिले काही तास दाणा नकोच. आतडी बंद असताना घातलेला दाणा पिशवीत आंबतो.

पिसांखाली

तासा-दोन तासांनी पाय कोमट लागले, ती सावरून बसली, की मग तपासायचं. इथेच माझी चूक झाली.

शिकाऱ्याचे दात लांब आणि अणकुचीदार असतात. बाहेर दिसतं ते मुगाएवढं भोक. आत मात्र कातडी आणि मांस वेगळं झालेलं, चिरडलेलं, आणि शिकाऱ्याच्या लाळेतले जंतू खोल पेरलेले. कुत्रा पकडून झटके देतो, त्यामुळे पाठ आणि मांड्या आतून फाटलेल्या असतात. मुंगूस मानेवर आणि डोक्यावर जातं, पण निसटत्या कोंबडीला कुठेही चावतं. मांजरीची जखम सगळ्यात साळसूद दिसते आणि सगळ्यात वाईट असते. तिच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, कोंबड्यांच्या कॉलऱ्याचं मूळही तेच. मांजरीनं धरलेली कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलेली बरी.

म्हणून उजेडात बसून, ओल्या बोटांनी पिसं उलटी सारत, इंच इंच बघायचं. मानेचा मागचा भाग, पंखांची काख, मांडीची आतली बाजू, शेपटीखाली. पिसं कुठे चिकटून झुपका झाला असेल तर तिथे हमखास भोक. कातडीखाली हवा भरून फुगा आला असेल, दाबल्यावर पापडासारखं कुरकुरत असेल, तर हवेची पिशवी फुटली आहे; ते घरी करायचं काम नाही.

कडकनाथ पाळणाऱ्यांनी इथे जास्तच डोळे उघडे ठेवावेत. झाबुआच्या या जातीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून इंदूरच्या परसांतही ती दिसू लागली. तिची कातडी काळी, तुरा काळपट, तोंड आणि जीभसुद्धा काळपट. "तुरा फिका पडला का बघा" हा सल्ला तिच्यापुढे निकामी. रक्त काळ्या पिसांवर दिसत नाही, मार काळ्या कातडीवर उठत नाही. तिच्याबाबतीत हातानंच बघावं लागतं: पाय गार आहेत का, कुठे ओलसर लागतं का, बोट लावल्यावर कुठे दचकते. काळीच्या डाव्या मांडीच्या आत दोन भोकं होती. मी तिला हात न लावता "घाबरलीये बिचारी" म्हणून दोन दिवस सोडून दिलं. अंग फुलवून, डोळे अर्धे मिटून बसायची. शिट हिरवीगार पडायची. हिरवी पातळ शिट म्हणजे पोटात अन्न नाही, नुसतं पित्त येतंय, हे मला नंतर समजलं. कोंबडी दुखणं लपवते. दुबळं दिसलं की कळपातल्याच टोचतात, म्हणून तिला लपवावंच लागतं. ती उघड आजारी दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. यावर एक साधा उपाय आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. दहावा हिस्सा वजन उतरलं की वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

धुणं आणि माशा

जखम धुवायला औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाइनची बाटली आणि सुई काढलेली २० मिलीची सिरिंज, एवढं पुरे. घरी करायचं तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. कोमट करून घ्या, गार पाण्यानं पुन्हा धसका बसतो. मोठी उघडी जखम भरपूर धुवा, माती-पिसं निघेपर्यंत. बारीक खोल भोकात मात्र जोरानं पाणी मारू नका, घाण आत ढकलली जाते. दंडाचं हाड मोडून बाहेर दिसत असेल तर तिथे पाणी अजिबात नको. कोंबडीचं ते हाड आतून पोकळ असून श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, त्यात ओतलेलं पाणी फुप्फुसापर्यंत पोचतं.

शेवटी पोव्हिडोन आयोडीन, कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. वर भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, पातळ थर. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नका. जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही जाळतं. हळदीबद्दल सासूबाईंशी माझा अजून वाद आहे. खरचटण्यावर हळद ठीक, पण खोल जखमेत कोरडी पूड कोंबली की तिचा गोळा होतो आणि त्याखाली घाण अडकते. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाईन ओततात, ते तर कोंबडीला विषच. पातळ कातडीतून आणि वासातून, दोन्हीकडून भिनतं. फिनाईलही तसंच.

किडे ही पावसाळ्यातली खरी लढाई. ओल्या जखमेचा वास माशीला लांबून लागतो. ती पांढुरक्या, रव्याहून थोड्या लांबट अंड्यांचे पुंजके पिसांच्या बुडाशी घालून जाते, आणि उकाड्यात एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात. तिसऱ्या संध्याकाळी काळीजवळ वाकले तेव्हा आधी वास आला, मग पिसं सारली. जे दिसलं ते लिहीत नाही. रात्री नऊ वाजता चिमट्यानं वेचत, सलाइननं धूत बसलो, पण तोवर आत पोकळी झाली होती.

भुरीला हे झालं नाही, कारण तिची जखम सगळ्यांना दिसत होती, म्हणून ती पहिल्या दिवसापासून तान्ह्या बाळाच्या छत्रीसारख्या मच्छरदाणीत होती. एवढाच फरक. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं आखूड करा (उपटू नका, दुखतं), रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्चनं बघा, खालचं कापड रोज बदला.

चौथ्या-पाचव्या दिवशी भुरीच्या पाठीची कड हिरवी झाली आणि मी पुन्हा रडकुंडीला आले. सडलं, असंच वाटलं. ते सडणं नव्हतं. आपल्याला मार लागला की आधी काळंनिळं, मग हिरवं, मग पिवळं होतं. पक्ष्यांच्या शरीरात हिरव्याचं पिवळं करणारी यंत्रणा जवळपास नसतेच, म्हणून त्यांचा मुका मार हिरव्यावर येऊन थांबतो आणि हळूहळू विरतो. सडलेला भाग काळा पडतो, गार लागतो आणि घाण वास मारतो. रंगापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. पूही आपल्यासारखा वाहत नाही. पक्ष्यांचा पू घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा असतो. त्यामुळे "पू नाही म्हणजे ठीक आहे" असं धरून चालू नका. टणक गाठ लागली तर डॉक्टरनं ती उघडून काढावी लागते.

डॉक्टर कधी, तर खोल भोकं, मांजर, कातडीखालची हवा, मोडलेलं हाड, लोंबणारी कातडी, चोवीस तासांत न खाणं. टाके घालायचे तर पहिल्या सहा-आठ तासांतच बरे पडतात. मध्य प्रदेशात १९६२ या नंबरावर फिरता पशुदवाखाना मागवता येतो, आणि महूचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. अँटिबायोटिक त्यांनी सांगितलेलंच द्या. दुकानदार "मुर्गी की दवा" म्हणून पुडी देतो, ती नको. कोलिस्टिनसारखं औषध तर सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना द्यायचं २०१९ मध्येच बंद केलं आहे. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळीही नको. डायक्लोफेनॅकनं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते सोसत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आग्रह मात्र धरू नका, धनुर्वाताच्या विषाला कोंबडी आपल्यापेक्षा कितीतरी पटीनं दाद देत नाही.

तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी एक इंजेक्शन आहे. कोंबडी सोडवताना कुत्रा, मांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावलं, ओरखडलं, किंवा त्याची लाळ तुमच्या ताज्या जखमेला लागली, तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. हे कोंबडीच्या आधी.

खाणं, पिसं, अंडं

दुसऱ्या दिवसापासून भूक लागली की उकडलेल्या अंड्याचा चुरा द्या. कोंबडीला अंडं खायला घालायचं म्हणून नाक मुरडू नका. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात आणि तिला ती पुन्हा विणायची आहेत. भिजवलेलं कोंबडीखाद्य, शिजवलेली मुगडाळ, मऊ मका चालतो. मध्य प्रदेशात सोयाबीन हाताशी असतं, इंदुरात तर देशाची सोयाबीन संशोधन संस्थाच आहे, त्यामुळे मूठभर सोयाबीन टाकायचा मोह होतो. कच्चं टाकू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो नीट भाजल्या-शिजवल्यावरच जातो. आजारी कोंबडीला कच्चं सोयाबीन म्हणजे उपाशी ठेवल्यातच जमा.

मुळापासून उपटलेलं पीस लगेच नव्यानं उगवायला लागतं. मधेच मोडलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. म्हणून ज्या पंखावर पिसं नुसती मोडली होती तो भुरीचा पंख, पूर्ण सोललेल्या पाठीपेक्षा जास्त दिवस भिकार दिसला. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते दुखावू देऊ नका.

अंडी थांबतात. हल्ल्याच्या वेळी जे कवचात तयार होत असतं ते कधी आतच फुटतं, ही वाईट गोष्ट. पोट फुगून ती पेंग्विनसारखी ताठ चालू लागली तर लगेच डॉक्टर. भुरीनं दुसऱ्या दिवशी एक अंडं घातलं, खडूची भुकटी फासल्यासारखं पांढुरकं. घाबरलेली कोंबडी अंडं आत जास्त वेळ धरून ठेवते आणि त्यावर चुन्याचा जादा थर चढतो, म्हणून. त्यानंतर दीड महिना काही नाही. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढे, आलेली अंडी खायची नाहीत, कामवाल्या ताईंनाही द्यायची नाहीत. आम्ही ती पुरली.

परत कळपात

लाल दिसलं की कोंबड्या टोचतात, अगदी सख्ख्या असल्या तरी. जखम कोरडी, खपलीही पडलेली आणि वर पिसांची खुंटं आलेली असल्याशिवाय मिसळू नका. पण पूर्ण लपवूही नका. दोन-तीन आठवडे नजरेआड राहिलेली कोंबडी कळपाला परकी होते आणि तिला पुन्हा खालच्या पायरीपासून मार खावा लागतो. आम्ही भुरीचा पिंजरा पाचव्या दिवसापासून दुपारी इतर दोघींच्या शेजारी, जाळीपलीकडे ठेवायला लागलो. मग एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, उचलून दांडीवर बसवली. सकाळी तिघी एकत्र उठल्या. एकदोन टोचे बसले, रक्त नाही.

दडब्याला पूर्वी षटकोनी भोकांची जाळी होती. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. आता अर्ध्या इंची वेल्डमेश लावली आहे आणि ती जमिनीखाली बाहेरच्या अंगाला फूटभर वळवून पुरली आहे, म्हणजे उकरायला लागलं की पंजे जाळीवर येतात. कोणी पिंजरा लावा, कोणी विष घाला म्हणालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या नाल्याकडचे साप त्याच्यामुळेच कमी आहेत.

ते अजून येतं. दुपारी तीन-साडेतीनला जाळीबाहेरून एक फेरी मारून जातं. बाकीच्या दोघी त्या वेळी पेरूखाली मातीत लोळत असतात. भुरी तीन वाजल्यापासून दडब्याच्या दारात बसून असते, आणि चार वाजले की बाहेर येते.